१४,७०० चा आकडा बघून एसएसडी घेऊ नकोस, आधी हे वाच

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून प्रश्न आधी थोडक्यात लिहितो. पीसी आहे रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, आरटीएक्स ४०६० टीआय, ३२ जीबी रॅम, आणि या सगळ्याच्या जोडीला चार वर्षं जुनी ५०० जीबीची साटा (जुन्या, कमी वेगाच्या जोडणीची) एसएसडी जिची विंडोजमधली जागेची पट्टी आता कायम लाल असते. दुकानदाराने दोन पर्याय दिलेत, एक जेन ५ ची सॅमसंग ९१०० प्रो १ टीबी, दुसरा साधारण तेवढ्याच पैशात जेन ४ ची २ टीबी (जेन म्हणजे पीसीआयई जोडणीची पिढी, ५ चा रस्ता ४ च्या दुप्पट रुंद), आणि वर ठामपणे सांगितलंय की जेन ५ च घे, सेकंदाला १४,७०० एमबीचा स्पीड आहे, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढतील. तर दादा खरंच वाढतात का, आणि ड्राइव्ह चांगली की भंगार हे घरबसल्या कसं ओळखायचं.

एफपीएसचं एका ओळीत संपवतो. नाही वाढत. फ्रेम काढतं ग्राफिक्स कार्ड, त्याला कामाला लावतो प्रोसेसर, ड्राइव्हचं काम लेव्हल लोड करणं आणि मोठ्या ओपन वर्ल्डमध्ये पुढचा भाग वेळेवर आणून देणं एवढंच. हार्डडिस्कवर गेम असेल तर गाडी जोरात पळवताना झटके बसतात, टेक्श्चर उशिरा येतात, ते एसएसडीने जातं हे खरंय, पण ते साध्या साटा एसएसडीनेही बऱ्यापैकी जातं आणि तुझ्याकडे ती आहेच. आणि नवीन गेममध्ये पहिल्या तासात जे अडखळणं होतं ना, ते बऱ्याचदा शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम) कंपाइल होत असतात म्हणून, त्याला कितीही महाग ड्राइव्ह लाव, ते प्रोसेसरचं काम आहे.

आता तू बोर्डाच्या स्पेसिफिकेशन पानाचा फोटो टाकलायस तो मी झूम करून बघितला. तुझ्या बोर्डाचे दोन्ही एम.२ स्लॉट, म्हणजे या ड्राइव्ह जिथे बसतात त्या खाचा, जेन ४ चे आहेत. बी६५० मध्ये जेन ५ चा एम.२ स्लॉट देणं कंपनीच्या मर्जीवर असतं, बी६५०ई असेल तर मिळतो, आणि तुझ्यात नाहीये. म्हणजे ती १४,७०० वाली ड्राइव्ह तू लावलीस की ती मुकाट्याने जेन ४ वर चालणार आणि सात हजाराच्या आसपास अडकणार, कारण जेन ४ च्या चार लेनमधून जास्तीत जास्त साधारण ७.९ जीबी दर सेकंदाला जातात, त्याच्यावर कागदावरही नाही. दुकानदाराने बोर्ड कुठलाय हे विचारलं तरी का? विचारलं असतं तर मला वाटतं बोललाच नसता, किंवा बोलला असता, माहीत नाही, महिनाअखेरीचं टार्गेट वाईट असतं.

माझं उत्तर खरं तर इथेच संपतं, जेन ४ ची २ टीबी घे. पण ड्राइव्ह पारखायची कशी हा तुझा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, आणि त्याच्यावर लोक उगाच बॉक्सवरचा आकडा वाचून मोकळे होतात. मी पुण्यात असेंबलीचं काम चौदा वर्षं करतोय, बेंचवर आलेली प्रत्येक ड्राइव्ह गिऱ्हाइकाला देण्याआधी तास-दीड तास राबवून घेतो, त्यातून जे लक्षात आलं ते लिहितो.

बॉक्सवर जे ७४५० किंवा १४,७०० असतं ते सलग वाचनाचं असतं, म्हणजे एक मोठी फाइल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि त्यातही एकाच वेळी बऱ्याच मागण्या ड्राइव्हच्या पुढ्यात ठेवून. गेम असा वाचत नाही. गेम थोडं इथलं थोडं तिथलं उचलतो, बरेच छोटे तुकडे, एक हातात आला की मग दुसरा मागतो. दारात पाण्याचा टँकर उभा आहे पण माठ भरायचाय तांब्यातांब्याने, असं समज. टँकर दुप्पट मोठा आणलास म्हणून माठ लवकर भरत नाही, तांब्या किती झपझप फिरतो त्यावर आहे.

हा तांब्याचा वेग क्रिस्टलडिस्कमार्क या वेग मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात खालच्या ओळीत दिसतो, आरएनडी४के क्यू१टी१, म्हणजे ४ केबीचे विखुरलेले तुकडे, एका वेळी एकच मागणी. लोक स्क्रीनशॉट टाकतात आणि वरच्या ओळीवर गोल काढतात, मी आधी खालची ओळ बघतो. साटा एसएसडीवर तिथे वाचन साधारण ३५-४० एमबी येतं, चांगल्या जेन ४ ड्राइव्हवर ८०-९०, आणि जेन ५ वर? थोडंसं वर, शंभराच्या अलीकडेपलीकडे. दुप्पट वगैरे अजिबात नाही. का, तर हिशोब सोपा आहे. फ्लॅशच्या पेशीतून ४ केबीचा तुकडा वाचून तुझ्यापर्यंत यायला समज ५० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला असे २०,००० तुकडे, गुणिले ४ केबी, झाले ८० एमबी. यात बराच वेळ त्या पेशीने खाल्ला, रस्ता किती रुंद आहे याचा संबंधच आला नाही. या एका बाबतीत सगळ्यांना धूळ चारणारी इंटेलची ऑप्टेन होती, २०० च्या वर जायची, सलग वेग बेताचाच पण तांब्या कसा फिरायचा बघत राहावं. महाग होती, खपली नाही, २०२२ मध्ये इंटेलने तो धंदाच गुंडाळायचं जाहीर केलं. माझ्याकडे एक छोटी अजून आहे, विकणार नाही, विचारू नका.

आणि तुकडे आले तरी काम संपत नाही, गेमच्या फाइली दाबून भरलेल्या असतात, त्या उलगडायच्या असतात आणि ते बहुतेक गेममध्ये प्रोसेसर करतो. म्हणून लोडिंगला स्टॉपवॉच लावलं तर काय दिसतं, माझ्या बेंचवर एकाच सेव्ह फाइलवर हार्डडिस्कला मिनिटाच्या वर, साटाला वीस-बावीस सेकंद, जेन ४ ला सतरा-अठरा, आणि जेन ५ ला परत सतराच. गेम बदलला की आकडे बदलतात पण उतरण अशीच असते, पहिली उडी मोठी, मग सपाट. गेमला ड्राइव्हवरून झपाट्याने वाचता यावं म्हणून मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टस्टोरेज हे बदलायला आलं, २०२२ मध्ये, त्याच वर्षाच्या शेवटी ग्राफिक्स कार्डवर फाइली उलगडायची सोयही आली, २०२३ च्या जानेवारीत फोरस्पोकन हा पहिला गेम डायरेक्टस्टोरेज घेऊन आला आणि जुलैमध्ये रॅचेट अँड क्लँक रिफ्ट अपार्ट. पण त्यानंतर गर्दी उसळली असं काही झालं नाही, आणि ज्या गेममध्ये आहे तिथेही चांगली जेन ४ ड्राइव्ह भरपूर पुरते. पीएस५ चंच बघ ना, अख्खं मशीन वेगवान लोडिंगच्या जाहिरातीवर विकलं, त्याची आतली ड्राइव्ह ५.५ जीबीची आहे आणि बाहेरून लावायला सोनी ५५०० एमबी किंवा जास्त असं सांगते, म्हणजे जेन ४ च.

हे झालं वाचनाचं, लिहिण्याची गोष्ट वेगळी आणि खरी फसवणूक तिथे होते.

आजच्या फ्लॅशमध्ये एका पेशीत तीन बिट ठेवले तर टीएलसी, चार ठेवले तर क्यूएलसी. जास्त बिट ठेवायचे तर हळू लिहावं लागतं. मग कंपन्या काय करतात, रिकाम्या जागेतला काही भाग एकच बिट ठेवून वापरतात, तो एकदम फास्ट, त्याला एसएलसी कॅश म्हणतात. सुगीला पोती आधी ओसरीवर भराभर टाकायची आणि मग सवडीने कणगीत ओतायची, तसं. ओसरी रिकामी आहे तोवर सात हजाराने लिहितेय असं वाटतं, ओसरी भरली की खरा वेग समोर येतो. चांगली टीएलसी ड्राइव्ह तिथे हजार-दीड हजारावर तग धरते. स्वस्तातली क्यूएलसी दीड-दोनशेवर येते, कधी कधी त्याच्याही खाली, हार्डडिस्कच्या रांगेत जाऊन बसते. सॅमसंगच्या जेन ४ वाल्या ९९० प्रो च्या २ टीबी मॉडेलमध्ये ही ओसरी २२६ जीबीची आहे, १ टीबीत ११४, बऱ्याच स्वस्त ड्राइव्हमध्ये ती रिकाम्या जागेवर अवलंबून असते म्हणजे ड्राइव्ह जसजशी भरत जाते तसतशी ओसरी आकसते आणि नेमकं तेव्हाच तू २०० जीबीचा गेम हलवायला काढतोस.

म्हणून माझी टेस्ट अशी असते. नवीन ड्राइव्हवर क्रिस्टलडिस्कमार्क डिफॉल्टला चालवायचं आणि खूश व्हायचं याला अर्थ नाही, कारण डिफॉल्ट साइझ १ जीबीची असते, ती ओसरीच्या उंबऱ्यावरच मावते. साइझ ३२ किंवा ६४ करायची, सेटिंगमध्ये एनव्हीएमई मोड निवडायचा. मग ड्राइव्ह सत्तर-पंचाहत्तर टक्के भरायची, काहीही भर, स्टीमचे फोल्डर कॉपी करून कॉपी करून भर, दहा मिनिटं शांत ठेवायची आणि मग १५०-२०० जीबीचा एक गेम फोल्डर दुसऱ्या फास्ट ड्राइव्हवरून तिच्यावर टाकायचा. दुसरी पण फास्ट पाहिजे, तुझ्या साटावरून टाकलास तर ५०० च्या वर जाणारच नाही आणि तू नव्या ड्राइव्हला शिव्या घालशील. दुसरी नसेल तर त्याच ड्राइव्हवरच्या फोल्डरची तिथेच डुप्लिकेट कर, आकडा कमी येईल पण पडझड दिसते. कॉपीच्या खिडकीतल्या पहिल्या पाच-सात सेकंदांवर विश्वास ठेवायचा नाही, ते विंडोज रॅममध्ये साठवून आपल्याला गोड बोलत असतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सला जाऊन त्या डिस्कचा ग्राफ उघडा ठेव. टीएलसीवर ग्राफ एक पायरी उतरतो आणि तिथे सरळ चालतो. क्यूएलसीवर तो कड्यावरून पडतो, मग करवतीसारखे दाते, वर खाली वर खाली, आणि उरलेला वेळ तू चहा पिऊन येतोस, परत येतोस तरी चालूच.

अर्थात नुसतं गेम खेळणाऱ्याला याचा त्रास किती? खरं सांगायचं तर थोडा. गेम डाउनलोड होतो नेटच्या वेगाने, घरी ३०० एमबीपीएसचं कनेक्शन असेल तर सेकंदाला ३७ एमबी येतात, ते कुठलीही क्यूएलसी झेलते. पण मोठा पॅच आला की स्टीम अख्ख्या फाइली नव्याने लिहितं, आणि तू सोबत गेमप्ले रेकॉर्डिंग करतोस म्हणालास, तेव्हा ड्राइव्ह भरलेली असली तर जाणवतं. म्हणून मी बूट आणि मेन गेमसाठी टीएलसीच देतो, क्यूएलसी दुसरी ड्राइव्ह म्हणून, जुने गेम ठेवायला, ठीक आहे.

टेस्ट चालू असताना क्रिस्टलडिस्कइन्फो (ड्राइव्हची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून टेम्परेचर बघ. साधारण ८० च्या पुढे गेलं की ड्राइव्ह स्वतःच दम घेते, वेग कमी करते. आपल्याकडे हे परदेशी रिव्ह्यूपेक्षा जास्त बघावं लागतं, ते लोक वीस-बावीस डिग्रीच्या खोलीत टेस्ट करतात आणि आपल्या जळगाव-अकोल्याकडचा माणूस मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ४४ डिग्रीत खेळतोय. शिवाय वरचा एम.२ स्लॉट बऱ्याच बोर्डांवर ग्राफिक्स कार्डाला चिकटून असतो, कार्डाची गरम हवा थेट त्याच्यावर. पहिल्या पिढीच्या जेन ५ ड्राइव्ह, त्या फायसन ई२६ कंट्रोलरवाल्या, क्रूशियल टी७०० आणि टी७०५ वगैरे, हीटसिंकशिवाय लावायच्याच नाहीत. त्याच्या मानाने ९१०० प्रो बरीच थंड चालते, कंट्रोलर ५ नॅनोमीटरचा आहे, तरी हीटसिंक पाहिजेच. जेन ४ ला बोर्डाबरोबर येणारी हीटसिंकची पट्टी पुरते.

त्या पट्टीवरून आठवलं. मागच्या उन्हाळ्यात एक मुलगा पीसी घेऊन आला, गेम खेळता खेळता लोडिंगला अडकतो म्हणून, दोन जणांनी विंडोज टाकून दिलं होतं परत परत, एकाने रॅम बदलली. मी इन्फो उघडलं, नुसत्या डेस्कटॉपवर ड्राइव्ह ७४. पट्टी खोलली तर थर्मल पॅडवरचं निळं प्लास्टिक तसंच. काढलंच नव्हतं कोणी. म्हणजे ती हीटसिंक नव्हती, ड्राइव्हला पांघरलेली गोधडी होती. प्लास्टिक सोललं, परत कसली, ४८ वर आली. पैसे काय घेणार त्याचे, चहा सांगितला त्याने. तेव्हा लावताना पॅडची दोन्ही बाजूची फिल्म काढ, आणि बोर्डाला खालून पण पॅड असेल तर त्याचीही.

त्याच इन्फोच्या खिडकीत ट्रान्सफर मोड अशी ओळ असते, तिथे पीसीआयई ४.० एक्स४ असं दोनदा दिसलं पाहिजे, आधी आत्ता चालू असलेला आणि मग ड्राइव्हला जमणारा. पहिला ३.० असेल तर तू चुकीच्या स्लॉटमध्ये लावलीस किंवा प्रोसेसरच तेवढा आहे. आपल्याकडे रायझन ५ ५६००जी घेतलेली पोरं खूप आहेत, त्यांना हे कोणी सांगत नाही की तो प्रोसेसर जेन ३ च देतो, बोर्ड बी५५० असला तरी. आणि इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीवाल्यांनी अजून एक बघा, त्या बोर्डांवर जेन ५ चा एम.२ स्लॉट असेल तर तो ग्राफिक्स कार्डाच्या सोळा लेनमधूनच वाटा काढतो, ड्राइव्ह लावली की कार्ड आठवर येतं. एफपीएस वाढवायला घेतली आणि कार्डाचेच पाय कापले. एएम५ वर, म्हणजे तुझ्या बोर्डाच्या सॉकेटवर, मुख्य एम.२ स्लॉटला ही भानगड नसते, त्याच्या लेन प्रोसेसरकडून वेगळ्या येतात.

नवीन म्हणून घेतलेल्या ड्राइव्हचे पॉवर ऑन अवर्स आणि टोटल होस्ट राइट्स पण तिथेच दिसतात. पाच-दहा तास, थोडे जीबी ठीक, दुकानात चेक केली असेल. ९०० तास आणि ६ टीबी लिहिलेलं असेल तर ती नवीन नाहीये, बॉक्स कितीही चकाचक असो. नकली पण फिरतात बाजारात, ९९० प्रो चं लेबल लावलेल्या तर सर्रास, सॅमसंगची असेल तर मॅजिशियन सॉफ्टवेअर ती अस्सल आहे का ते सांगतं, तिथेच फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर, पण बघून घे. फर्मवेअरला हलक्यात घेऊ नकोस. २०२३ च्या सुरुवातीला ९९० प्रो ची हेल्थ काही आठवड्यांत भराभर खाली यायची तक्रार जगभर गाजली, सॅमसंगने फेब्रुवारीत अपडेट दिलं. २०२४ ला विंडोजचं २४एच२ अपडेट आलं तेव्हा डब्ल्यूडीच्या एसएन७७० आणि एसएन५८० च्या २ टीबी वाल्यांना निळा स्क्रीन यायला लागला, कारण या ड्राइव्हमध्ये स्वतःची डीरॅम नसते, पीसीच्या रॅममधला तुकडा उसना घेतात, आणि नव्या विंडोजने ६४ ऐवजी २०० एमबी देऊ केले ते पचलं नाही. तेही फर्मवेअरने सुटलं. म्हणून डेटा भरायच्या आधी अपडेट, नंतर नाही.

डीरॅमचा विषय निघालाच आहे तर, पूर्वी मी डीरॅम नसेल तर हातही लावू नका म्हणायचो. आता नाही म्हणत. डब्ल्यूडीच्या एसएन७१०० ला डीरॅम नाही तरी ७२५० वाचते, कमी तापते, गेमिंगला मस्त आहे. आधीचं मत मी मागे घेतलं. फक्त पीएस५ साठी कोणी हे वाचत असेल तर तिथे ही उसनी रॅम मिळत नाही, त्यामुळे तिथे डीरॅमवालीच बरी, आणि हीटसिंकसकट उंची ११.२५ मिलिमीटरच्या आत बसली पाहिजे.

टीबीडब्ल्यू, म्हणजे एकूण किती टीबी लिहिण्याची हमी, ते बघून घाबरू नकोस. २ टीबीला १२०० टीबी लिहिण्याची हमी म्हणजे पाच वर्षं रोज साडेसहाशे जीबी. तू एवढं लिहिणार नाहीस, गेम खेळणं म्हणजे बहुतांशी वाचन. मी टीबीडब्ल्यू वेगळ्या कामाला वापरतो, त्याच साइझला हा आकडा निम्म्याहून कमी दिसला तर आत बहुधा क्यूएलसी आहे असं धरतो. कारण आत काय आहे हे काही कंपन्या लिहीतच नाहीत. आणि लिहिलेलंही बदलतात, २०२१ मध्ये क्रूशियल पी२ टीएलसीवरून क्यूएलसीवर गेली, नाव तेच, बॉक्स तोच, आधीचे रिव्ह्यू सगळे जुन्या मालाचे. माझ्याच हातून एका मॉडेलच्या दोन ड्राइव्ह आठ महिन्यांच्या अंतराने गेल्या, दुसरी कॉपीच्या टेस्टला पहिलीच्या तिसऱ्या हिश्शावर, गिऱ्हाईक म्हणालं तुम्ही डुप्लिकेट दिली, काय बोलणार. तेव्हापासून रिव्ह्यू बघताना तारीख बघतो आणि माल हातात आला की स्वतः टेस्ट.

तुझ्यासाठी म्हणून, सॅमसंगची ९९० प्रो, डब्ल्यूडीची एसएन८५०एक्स किंवा एसएन७१००, तिघींपैकी त्या दिवशी जी २ टीबी स्वस्त मिळेल ती. भाव आठवड्याला हलतायत म्हणून आकडा लिहीत नाही. एकट्या बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी लागतात, १ टीबी म्हणजे विंडोजला दिसणार ९३१, त्यातली पंधरा-वीस टक्के मोकळी ठेव, उरलं काय? चार-पाच मोठे गेम की परत लाल पट्टी.

बिल पक्कं घे, सिरियल नंबर बिलावर लिहून घे, वॉरंटीत ड्राइव्ह बदलून मिळते, आतला डेटा नाही. वरच्या स्लॉटमध्ये लाव, साटा राहू दे जुन्या गेमसाठी. आणि दुकानातून निघण्याआधी बोर्डाच्या बॉक्समध्ये एम.२ चा तो तांदळाएवढा स्क्रू आहे का बघ, नसेल तर तिथेच दोन मागून घे, कारण रात्री अकरा वाजता ड्राइव्ह तिरकी उभी राहिलेली असते आणि सेलोटेपने चिकटवलेल्या माझ्याकडे आत्तापर्यंत तीन आल्यात.